हक्कसोडीची घाई: एका वाटणीच्या निमित्ताने अलिप्ततेचा अभ्यास

या प्रकरणातल्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ज्यांची ही हकिगत आहे त्यांनी मजकूर वाचून संमती दिली आहे. गावात त्यांना सगळे 'टीचर' म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवलं. वसईत जमिनीवरून भावंडांचा अबोला असलेली घरं आळीआळीत आहेत. अशा घरातल्या दुखावलेल्या माणसाला, त्यातही बाईला, 'सोडून दे, प्रार्थना कर' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. हा सल्ला कुठवर खरा असतो आणि कुठे माणसाला आजारी पाडतो, ते या प्रकरणात जवळून पाहायला मिळालं.

पार्श्वभूमी

टीचर साठीच्या आसपासच्या, निवृत्त शिक्षिका, धर्मग्रामाच्या (एका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती वस्तीच्या) गायकवृंदातला जुना आवाज. सासर आणि माहेर एकाच तालुक्यात. माहेरची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात आहे. केळी, मोगरा, थोडी पानवेल आणि मधोमध बावखल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठून जमिनीत मुरतं आणि समुद्र हाकेवर असूनही आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. पूर्वी त्यांवर रहाट चालायचे. आता कित्येक बावखलं भराव टाकून बुजवली गेली आहेत.

भावंडं तीन: दादा, मग टीचर, मग धाकटा. आई आधीच गेलेली. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा टीचर नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पुढची चार वर्षं त्या रोज सकाळी रिक्षाने माहेरी जायच्या. अंघोळ, औषधं, भरवणं, हाताचे व्यायाम, सगळं त्यांनीच केलं. दादाचं घर वाडीतच, पण तो आणि वहिनी दिवसभर दुकानात. धाकटा आखातात नोकरीला. बाबा गेले ते मृत्युपत्र न करताच.

ख्रिस्ती कुटुंबांना वारसाच्या बाबतीत भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर मृताच्या विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं मिळतं. मुलगा आणि मुलगी असा फरक हा कायदा करत नाही. इथे आई हयात नव्हती, म्हणजे तिघांचा वाटा प्रत्येकी एक तृतीयांश. पंचवीस-तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या टीचरना हे माहीत नव्हतं. लग्न झालं की माहेरच्या जमिनीवर हक्क उरत नाही, असंच त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

अडचण

बाबांच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली, जेवणं उरकली आणि दादाने आतून फाइल आणली. त्यात हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला वाटा इतर वारसांसाठी सोडून देण्याच्या कागदाचा, टाइप केलेला मसुदा होता. एका बिल्डरशी बोलणी चालू होती आणि सातबारावर वारस म्हणून लागलेलं बहिणीचं नाव आड येत होतं. दादा म्हणाला, "तुझ्या सासरी काय कमी आहे? आणि आपण ख्रिस्ती माणसं, जमिनीसाठी भांडायचं का?"

त्यानंतर प्रार्थना गटातल्या एका ज्येष्ठ काकांनी त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय वाचून दाखवला. गर्दीतला एकजण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमलं? काकांनी अर्थ लावला की प्रभूला वाटणी मागणारे आवडत नाहीत.

हा अर्थ मला पटत नाही. येशू दोघा भावांपैकी कोणाच्याही हातातलं हत्यार व्हायला नकार देतो आणि पुढे लोभाबद्दल जो इशारा देतो तो तिथे जमलेल्या सगळ्यांना देतो. मागणाऱ्याला तो लागू आहे, तसा दाबून बसलेल्यालाही आहे. शिवाय बायबलमध्ये गणना नावाचं पुस्तकही आहे. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात, आणि परमेश्वर सांगतो की मुली म्हणतात ते बरोबर आहे. तो अध्याय टीचरना कोणी वाचून दाखवला नाही.

पुढचे काही महिने त्यांची तब्येत ढासळत गेली. पहाटे तीनला जाग यायची आणि मग झोप नाही. जेवण कमी झालं, वजन उतरलं. दादा पुढच्या बाकावर बसतो म्हणून त्यांनी आपल्या चर्चमधली रविवारची मिस्सा सोडली आणि शेजारच्या धर्मग्रामात जाऊ लागल्या. गाणं बंद झालं. रात्री मोबाइलवर महाभूलेख हे जमिनीच्या नोंदींचं सरकारी संकेतस्थळ उघडून सातबारा बघायचा, आपलं नाव अजून आहे ना याची खात्री करायची, आणि पुन्हा तासाभराने बघायचा. एक मावशी रोज फोनवर माहेरच्या बातम्या पुरवायची: कोण आलं, कोणी मोजणी केली, वहिनी काय म्हणाली.

त्या माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या तेव्हा मसुदा पर्समध्येच होता. म्हणाल्या, "मला अलिप्त व्हायचंय. उद्या सही करते, म्हणजे सुटले."

या प्रकरणातला पहिला कळीचा क्षण हाच. बाहेरून पाहणाऱ्याला तो त्याग वाटला असता, आणि कदाचित चर्चमध्ये त्याचं कौतुकही झालं असतं. पण हे बोलताना त्यांचा हात पर्सवरून हलत नव्हता. माणूस खरोखर मोकळा होऊन काही देतो, तेव्हा त्याला उद्याची घाई नसते.

समोरचे पर्याय

चार वाटा दिसत होत्या: लगेच सही करणं, वाटणीचा दावा लावणं, बोलून तडजोड करणं, किंवा काहीच न करता दिवस ढकलणं.

त्यांचा विचार करताना आम्ही येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेचा आधार घेतला. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेला हा साधनाक्रम आजही जगभर चालतो. त्यात तीन प्रकारच्या माणसांवर एक चिंतन आहे. प्रत्येकाला दहा हजार डुकाट (जुनी सोन्याची नाणी) मिळाले आहेत, ते काही निव्वळ देवाच्या प्रेमापोटी मिळवलेले नाहीत, आणि त्यांचं ओझं तिघांनाही टोचतंय. पहिल्याला आसक्ती सुटावी असं वाटतं, पण मरेपर्यंत तो त्यासाठी काहीच करत नाही. दुसऱ्यालाही आसक्ती नको, पण पैसा हवाच. म्हणजे आपण जिथे उभे आहोत तिथेच देवाने यावं अशी त्याची अपेक्षा. तिसरा आसक्ती सोडतो ती अशी, की ठेवण्याकडेही त्याचा कल नाही आणि टाकण्याकडेही नाही. देवाच्या सेवेला जे अधिक योग्य ते करायला तो तयार असतो.

हे वाचून झाल्यावर टीचर बराच वेळ गप्प राहिल्या. तिसरा माणूस पैसे देऊन टाकेल अशीच त्यांची कल्पना होती, आणि चिंतन तसं म्हणतच नाही. त्याच साधनेच्या सुरुवातीच्या मूलतत्त्वात इग्नेशियस लिहितात की आरोग्य की आजार, श्रीमंती की गरिबी, मान की अपमान, दीर्घ आयुष्य की अल्प, यांपैकी कशाचाही आधीच हट्ट नसावा. या हिशेबाने सही करून मोकळं होण्याची ओढ आणि गुंठ्यांची ओढ, दोन्ही आसक्तीच. एकीला जमीन हवी, दुसरीला वेदनेतून सुटका हवी. टीचरना दोन्ही एकाच वेळी ओढत होत्या, म्हणून रात्र सरत नव्हती.

देहूच्या तुकोबांबद्दल जी परंपरागत कथा आहे तिचीही इथे आठवण होते. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आधी त्यांनी ती धाकट्या भावाशी, कान्होबाशी, वाटून घेतली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली, हा भाग आपण विसरतो. वैराग्य आपल्या वाट्यापुरतं असतं, आणि आपला वाटा कोणता हे आधी स्पष्ट व्हावं लागतं. रेव्हरंड टिळकांसारखा मराठी ख्रिस्ती कवी ख्रिस्ताकडे येताना तुकोबांचं ऋण मानतो, तेव्हा हा आधार आपल्याला परका नाही.

काय केलं

सर्वांत आधी त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. हे त्यांना रुचलं नव्हतं. "मला वेड लागलंय का? माझी श्रद्धा कमी पडतेय," असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, औषधं सुरू केली, आणि तब्येत सावरेपर्यंत मोठा आर्थिक निर्णय घेऊ नका असं सांगितलं. इग्नेशियसचा नियमही हाच आहे: मन उदास, शुष्क, देवापासून तुटल्यासारखं असताना आधीचा निश्चय बदलू नये. डॉक्टर आणि संत एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर टीचरनी ती मानली. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होत होता. ईस्टरपर्यंत कुठल्याच कागदावर सही नाही आणि वकिलाची नोटीसही नाही, असं ठरलं. तसं दादाला त्यांनी दोन ओळींत कळवलं. त्याने उत्तर दिलं नाही.

दुसरी गोष्ट वहीची. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या ख्रिस्ती संन्यासी इव्हाग्रियस पाँटिकस यांचा साधकांना एक सल्ला आहे. मनात येणाऱ्या विचारांशी भांडण्याआधी त्यांच्याकडे नीट पाहा. कोणता केव्हा येतो, कोणाच्या मागून कोण येतो, कोण कोणाला सोबत आणतो. टीचरनी शाळेची दोनशे पानी वही घेतली. रात्री दिवसाची तपासणी करताना आणि पहाटे जाग आल्यावर एवढंच लिहायचं: वेळ, आणि विचार कोणत्या क्रमाने आले. कारणमीमांसा नाही, स्वतःला बोल लावणं नाही.

पहिल्या आठवड्यातली एक नोंद त्यांच्या परवानगीने देते: "३.१०. दादाचं वाक्य, सासरी काय कमी. मग बाबांचा डावा हात, मूठ उघडायची नाही तो. मग वहिनी फुलं घेऊन आली तो दिवस. मग गुंठे. सातबारा बघितला. ४.३०." दुसऱ्या दिवशी क्रम जवळजवळ तोच. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याच लक्षात आलं की गुंठे नेहमी शेवटी येतात. आधी बाबांचा हात येतो. आपण चार वर्षं तो हात कोमट पाण्यात धरून एकेक बोट उघडत होतो, हे दादाने एकदाही बोलून दाखवलं नाही. वर्षाच्या मिस्सेनंतर सगळ्यांसमोर वहिनीचे आभार मानले गेले, टीचरचं नाव कोणी घेतलं नाही.

म्हणजे त्यांची पकड होती ती दादाच्या तोंडून येणाऱ्या पावतीवर. जमीन ही त्या पावतीची जागा घेऊन बसली होती. सही केली असती तरी ही भूक तशीच राहिली असती, आणि कोर्टात जिंकल्या असत्या तरीही राहिली असती. कारण दादाने ते वाक्य बोलावं असा आदेश कुठलंही न्यायालय देत नाही. माझ्या मते हे प्रकरण वळलं ते इथे. अलिप्ततेचा सराव कशापासून करायचा, हे आता त्यांना समजलं होतं.

त्या सरावात भव्य असं काही नव्हतं. महाभूलेख आठवड्यातून फक्त शनिवारी उघडायचं. मावशीचा फोन घ्यायचा, पण माहेरचा विषय निघाला की सांगायचं, "मावशी, मला ते नको सांगूस, माझी झोप जाते." मावशी रागावली, मग सवय झाली. रविवारी आपल्याच चर्चमध्ये, मागच्या बाकावर का होईना, बसायचं. ओढीच्या नेमकं उलट, थोडंसं करायचं, ही इग्नेशियसची शिकवण. पहाटे बाबांचा हात आठवला की त्या आठवणीला दादाकडे न्यायचं नाही, देवाकडे न्यायचं: प्रभो, तू पाहिलंस. एवढीच प्रार्थना. काही दिवस ती कोरडी गेली, काही दिवस रडू आलं. त्या काळात औषधांनीही आपलं काम केलं, हे विसरता कामा नये. झोप परत आली नसती तर प्रार्थनेत बसण्याइतकंही बळ उरलं नसतं.

निर्णयाची वेळ

ईस्टरनंतर डॉक्टरांनी प्रकृती सुधारल्याचं सांगितलं, तेव्हा निर्णयाला हात घातला. आधी वकिलाकडून कायदा समजून घेतला. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, हे तिथे कळलं.

मग निवड करण्याच्या इग्नेशियसच्या दोन कसोट्या वापरल्या. पहिली: अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर तुम्ही काय सांगाल? टीचरनी एका काल्पनिक विद्यार्थिनीला पत्र लिहिलं. त्यात त्या स्वच्छ म्हणाल्या, "सही करू नकोस. तुझ्यानंतर तुझ्या भाचीलाही हेच सांगतील." दुसरी: मरणाच्या घटकेला कोणता निर्णय घेतलेला असावा असं वाटेल? याचं उत्तर वेगळं निघालं. "दादाशी न बोलता मरायचं नाही. आणि बावखल बुजलेलं बघायचं नाही." पूर्ण एक तृतीयांशाचा उल्लेख या उत्तरात नव्हता.

ही दोन उत्तरं शेजारी ठेवल्यावर मार्ग दिसला. हक्क सोडायचा नाही, पण पुरता मागायचाही नाही. आणि दादाच्या पावतीची अट कशालाच घालायची नाही.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात भावाने अपराध केला तर पायऱ्या दिल्या आहेत. आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत घे, मग मंडळीसमोर जा. त्या एकट्या गेल्या. दादा दुकानातून उठलाच नाही. मग धाकटा सुटीवर आल्यावर, दोघांनाही मान्य असलेल्या एका नातेवाईकाला घेऊन बैठक झाली. फादरनी चर्चच्या कार्यालयाची खोली दिली, प्रार्थना केली आणि वाटणीबद्दल मत द्यायला नकार दिला. ते योग्यच झालं.

बैठकीत टीचर थोडक्यात बोलल्या: बाबांच्या वाडीत माझा वाटा आहे आणि तो मी सोडणार नाही. बावखल आणि त्याभोवतीचा मोगऱ्याचा तुकडा मला द्या. तो तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी भरतो, तरी चालेल. दादा चिडून म्हणाला, "बाबांचं केलंस त्याचे पैसे वसूल करतेस का?" वर्षभर ज्या वाक्याच्या जखमेने त्या झोपल्या नव्हत्या, त्याहून हे वाक्य कठोर होतं. टीचर म्हणाल्या, "बाबांचं केलं ते बाबांसाठी केलं, दादा. ते यात धरू नकोस." दादा उठून गेला. धाकटा बसून राहिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने विचारलं की शेवटच्या महिन्यात बाबा काय बोलायचे.

परिणाम

आणखी काही महिन्यांच्या ये-जा नंतर कौटुंबिक वाटणीपत्र झालं आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं गेलं. बावखलाचा तुकडा टीचरच्या नावे आला. बाकीच्या जागेचं भाऊ काय करायचं ते करतील. बिल्डरने आराखडा बदलून मागितला, त्यावरून दादा अजून नाराज आहे. तो चर्चमध्ये मान हलवतो, घरी येत नाही. पावती आलेली नाही. टीचर म्हणतात की ती यावी असं अजून वाटतं, पण आता त्या तिची वाट पाहत बसत नाहीत.

झोप सुधारली आहे. औषधाचं प्रमाण डॉक्टरांनी कमी केलं आहे, बंद केलेलं नाही. त्या गायकवृंदात परतल्या. वही अजून चालू आहे, रोज नाही.

काहींनी मला विचारलं की जमीन घेतली मग अलिप्तता कुठे राहिली. टीचरनी निर्णय घेतला तेव्हा त्यांचा हात पर्सवर नव्हता, हे माझं उत्तर. उलट उद्या दुसरी एखादी बाई पूर्ण वाटा भावांना देऊन टाकेल, आणि तेही तितकंच मोकळेपणाने केलेलं असू शकेल. सही झाली की नाही यावरून काहीच ठरत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

डॉक्टरांकडे जाणं फार उशिरा झालं. वजन उतरत होतं, पहाटेची झोप उडाली होती, आणि घरचे 'जपमाळ कर' म्हणत राहिले. जपमाळ करावीच, पण दोन-तीन आठवडे सलग झोप आणि भूक गेली तर त्याच सुमाराला डॉक्टर गाठावा.

प्रार्थना गटात वचन हाताळण्याची शिस्त हवी. एखाद्याच्या घरच्या वादात सल्ला मागितला नसताना वचन वाचून दाखवणं म्हणजे त्या माणसावर देवाच्या नावाने दबाव आणणं. तो लूकचा अध्याय टीचरना अजूनही मिस्सेत ऐकवत नाही.

बैठक आधी, मसुदा येण्यापूर्वी व्हायला हवी होती. वर्षाच्या मिस्सेचं जेवण ही त्यासाठी सर्वांत वाईट वेळ होती. आणि दादाच्या बाजूचं कोणी ऐकून घेतलं का, हा प्रश्न मला सतावतो. चार वर्षं रात्रीचं उठणं त्याच्याकडे होतं, हे धाकट्याने नंतर सांगितलं. दादाच्याही मनात कुठलीतरी पावती अडलेली असणार. त्याच्यासाठी वही घेऊन कोणी बसलं नाही.

मृत्युपत्राचा मुद्दा तर अगदी साधा होता. झटक्यानंतरही बाबांची बुद्धी शाबूत होती, आणि मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नसते. बापासमोर हा विषय काढणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहणं, असं तिघांनाही वाटत राहिलं. धाकट्याने परत जाण्यापूर्वी स्वतःचं मृत्युपत्र करून ठेवलं आहे. त्यात मुलगा आणि दोन्ही मुली, तिघांना सारखा वाटा आहे.